पाण्याची रेघ

पाच झबल्यांचं पाकीट, पांढरी, बिनबाह्यांची,
शून्य ते तीन महिने.
ओसेआसनं ते माझ्या काउंटरवर ठेवलं
आणि असा बघू लागला माझ्याकडे
जणू मीच त्याला चोरताना पकडलं.
"यास्नाला होणाराय ना," म्हणाला,
"कोरं कसं द्यायचं?"

चाळीस वर्षं या माणसानं
दाल्काउएच्या धक्क्यावर होड्यांची नावं रंगवली.
अक्षराला उजवीकडून निळी सावली द्यायचा,
लांबून वाटायचं, नाव होडीच्या
बोटभर पुढे उभं आहे.
आता होड्या फायबरच्या.
नावं कास्त्रोहून छापून येतात,
फडकं मारायचं, चिकटवायचं, झालं.

मी त्याला कापडाचा रंग दिला, लाल आणि निळा.
सांगितलं, आधी धू, नुसत्या साबणानं,
ते वासाचं पाणी घालू नकोस, रंग धरत नाही.
पोटात पुठ्ठा घाल.
वाळलं की उलटं करून इस्त्री.
बदकाचा छापाही देत होते, फुकट.
तो म्हणाला, बदक त्याला कुठवर नेणार?

पहिलं झबलं बिघडलं.
पुठ्ठा घालायला विसरला,
आणि हात, म्हणे, आपला आपणच चालला:
पुढून 'रोसाल्बा',
पाठीवर तीच अक्षरं, उलटी, फिकी,
पाण्यात पडल्यासारखी.
रोसाल्बा माझ्या भावाची होडी.
सध्या तिच्यात कोंबड्या असतात.
भावानं ते झबलं नेलं
आणि खुराड्याच्या दारावर चार खिळ्यांनी ठोकलं.

दुसऱ्यावर हात थरथरला.
तिसऱ्यावर त्यानं कितीतरी वेळ काहीच काढलं नाही.
बाळाचं नाव अजून ठरायचं होतं,
आणि नावाखेरीज दुसरं काही
त्यानं जन्मात कधी रंगवलं नव्हतं.
दुकानाच्या मागे, शेगडीपाशी,
त्या वीतभर कापडाकडे बघत बसून राहिला.
बाहेर पाऊस आडवा.
लोकर घ्यायला आलेल्या दोघीजणी
लोकर विसरून त्याच्याकडेच बघत उभ्या.

मग त्यानं टिचबटणांच्या चार बोटं वर
एक लाल रेघ ओढली,
पुढून पाठीमागे, शिवणीवरूनसुद्धा
कुंचला न उचलता.
"पाण्याची रेघ," म्हणाला.
"इथवर बुडालं तर चालतं."

यास्नाच्या बाळंतविड्यात
सासूनं विणलेली करडी टोपी होती,
अंगठ्याएवढे मोजे होते,
कारखान्यातल्या मैत्रिणींनी दिलेला,
सगळ्यांना नको असलेला, हसणारा हत्ती होता,
आणि चार झबली, ज्यांच्यावर
नुसती रेघ.
"पट्टा आहे का हा?" तिच्या आईनं विचारलं.
कोणी उत्तर दिलं नाही. ओसेआस केक खात होता.

नाव आलं अकराव्या दिवशी: इतामार.
तो रंगाची डबी घेऊन त्यांच्याकडे गेला
आणि नाव लिहिलं मागे, रेघेच्या जरा वर,
जिथं होडीचं असतं. लंगोटावरच म्हणा ना.
उजवीकडून निळी सावली.
हसलो आम्ही सगळे.
पण दवाखान्याच्या रांगेत यास्नानं पोराला खांद्यावर घेतलं,
तेव्हा कळलं,
जो पुढे चाललाय त्याचं नाव
मागे राहिलेल्यांनाच वाचता येतं.

काल ओसेआस पुन्हा आला.
ओलं जाकीट काढलंच नाही, सरळ विषयावर:
रेघ बेंबीपाशी पोचलीय.
"उलटंच आहे," म्हणाला,
"भार वाढला की रेघ बुडते. जन्मभर तेच पाहिलं.
हा भरत चाललाय
आणि ही वर येतेय."
खरंच काळजीत होता,
बांधणीत कुठेतरी चूक राहिल्यासारखा.

मी फळीवरून पाकीट काढलं,
तीन ते सहा महिने.
म्हटलं, गेल्या खेपेच्या रंगाचे पैसे राहिलेत.
त्यानं खिशातून नाणी काढली, मोजली,
आणि नाण्यांबरोबर बाहेर आला
लाल डागांचा, कडा मऊ पडलेला पुठ्ठा.
तो त्यानं घाईनं परत आत सरकवला.